फाफड्याचा श्वास

बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत फाफड्याला भूल देऊन पायाला टाके घालायचे होते. फाफडा म्हणजे मूठभर मार्मोसेट माकड. आईने टाकलेल्या या पिल्लाला ऋचाने ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं, म्हणून भुलीत त्याचा श्वास सांभाळायचं कामही तिने मागून घेतलं.

मॉनिटरची नळी माणसाच्या मापाची. फाफड्याचा अख्खा श्वास तिच्यातच हरवला आणि पडद्यावर सरळ रेघ आली. यंत्राच्या मते फाफडा मेला होता. ऋचाने नळी काढून टाकली. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या भातुकलीच्या पेल्याचा मास्क त्याच्या तोंडावर तिने आधीच बसवला होता. आता छातीवर डोळे रोखून ती दर श्वासाला "हं" म्हणू लागली.

प्रयोगशाळेचे प्रमुख सुभानराव व्यायामशाळेत वाढलेले. ठेक्यात कुणी एकटंच काही करतंय, हे त्यांना बघवेना.

"पोरी, एकटीच्या नजरेतून एखादा निसटेल. सगळे मिळून घेऊ. कुशल, छाती पुढे! श्वास घे... सोड!"

"सर, मी टाके घालतोय."

"ते हाताने घालतात. नाक रिकामंच आहे ना?"

"सर, त्याचा वेग, हं, मिनिटाला चाळीस, हं, चक्कर येईल!" ऋचा म्हणाली.

"आमचे जोर याहून जलद निघायचे!"

दोघे माकडाच्या वेगाने फुसफुसू लागले. शेवटचा टाका घालून कुशल म्हणाला, "बोटांना मुंग्या आल्या," आणि भिंतीला टेकून खाली घसरला. मागोमाग सुभानराव साग कोसळावा तसे आडवे झाले.

फाफडा शांत होता. फारच शांत. ऋचाचं "हं" ओठांवरच राहिलं.

तिने भुलीचं औषध बंद केलं, मास्क उचलला. छाती हलेना. हिरड्या निळसर. मास्कला जोडलेली रबरी पिशवी दाबून ऑक्सिजन द्यावा, तर पिशवी चिपाड. सिलिंडर भरलेला, मग अडलं कुठे? ऑक्सिजनची नळी टेबलावरून खाली उतरून सुभानरावांच्या पाठीखाली गेली होती.

"सर, उठा!"

"घे... सोड..." सुभानराव डोळे मिटून पुटपुटले.

शंभर किलो तिला ढकलवले नसते. ऋचाने छाती भरून हुकूम सोडला, "सुभानराव! डावीकडे... वळ!"

ते झोपल्या झोपल्या टाच आपटून डावीकडे वळले. पिशवी फुगली. ऋचाने मास्क टेकवून ती दोन बोटांनी हलकेच दाबली, पुन्हा दाबली. हिरड्या गुलाबी झाल्या. मग छाती आपणहून उचलली.

"हं," ऋचा म्हणाली.

फरशीवरून दोन आवाज आले, "हं."