कुणीही चाललं असतं

टॅक्सवाल्यांनी जीव मागितला असता तरी नेव्हिल हॅलमनं देऊन टाकला असता. फक्त घर मागू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं. डर्बीतल्या त्या घरात बायकोची, ब्रिजेटची, चाकाची खुर्ची फिरावी म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं दारं रुंद केली होती. घर गेलं तर तिला न्यायची कुठं?

नेव्हिल पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. नोकर म्हणून नव्हे, स्वतःची एकट्याची कंपनी काढून, कंत्राटावर. आता टॅक्सवाले म्हणत होते, कंपनी-बिंपनी सगळं सोंग, तू तिथला नोकरच. इतक्या वर्षांचा नोकराचा टॅक्स काढ बाहेर.

आणि माणूस कसा, तर ताकही फुंकून पिणारा! कंत्राटी माणसानं नोकरासारखं दिसायचं नाही, हे त्या जमातीचं सोवळं, आणि ते नेव्हिलनं अगदी कडक पाळलं. कारखान्याच्या कॅन्टीनमधला स्वस्तातला चहा त्यानं कधी घेतला नाही. नाताळच्या जेवणाला सगळे कागदी टोप्या घालून टर्कीवर ताव मारत, आणि हा बापडा गाडीत बसून घरून आणलेलं चीजचं सँडविच चावत असे. "आले बघा लाटसाहेब!" असं पोरं म्हणत, तेही ऐकून घेई. शिवाय चौकशीचा विमा होता. लढायचा खर्च विमा कंपनीचा, आणि हरलोच तर टॅक्सही तिनंच भरायचा.

मग घोडं अडलं कुठं? तोंडात! टॅक्सचा अधिकारी कारखान्याच्या मॅनेजरला, ट्रेव्हर प्लमला, भेटायला येणार होता. नेव्हिलनं त्याला आधीच गाठलं. पण मदत मागायची म्हणजे याला मेल्याहून मेल्यासारखं. काय सांग, कशासाठी सांग, हे बोलायला जीभच रेटेना. म्हणाला काय, तर "ट्रेव्हर, माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोल." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

ट्रेव्हर दोन नाही, दोनशे बोलला. त्या बोलण्याच्या नोंदी टॅक्सवाल्यांनी ट्रेव्हरच्या सहीसाठी पाठवल्या, त्यांची एक प्रत इकडेही आली, तेव्हा नेव्हिलच्या अकाउंटंटनं, शिरीन अख्तरनं, त्याला बोलावून घेतलं.

"ऐका, मिस्टर हॅलम. 'नेव्हिल आमच्या घरचाच माणूस. मी आजारी पडलो की सगळं खातं तोच सांभाळतो. त्याच्या जागी दुसरा कुणी आला असता तर मी दारातून हाकलला असता.'"

"चांगलंच बोललाय की," नेव्हिल म्हणाला. त्याला जरा भरूनही आलं.

"चांगलं? अहो, कंत्राटदाराच्या जागी कुणीही आलेला चालतो; ज्याच्या जागी दुसरा चालत नाही तो नोकर. जिंकायची आशा आहे तोवरच विमा कंपनी पाठीशी उभी राहते. यावर सही झाली की ती हात झटकणार. काही बदलायचं तर सहीच्या आधी, आणि ते प्लमसाहेबांनीच. काय लिहायचं ते मात्र मला विचारू नका."

नेव्हिलच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी त्यानं ब्रिजेटला गाडीत बसवलं, एकटीला घरी सोडवेना म्हणून, आणि ट्रेव्हरचं घर गाठलं. ट्रेव्हर घराशेजारच्या काचघरात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता.

"काय गड्या, कसा बोललो? साहेबाचं तोंडच बंद केलं!"

"बुडवलंस लेका मला! घर चाललं माझं." आणि मग जे आधी सांगायला हवं होतं ते सगळं नेव्हिलनं घडाघडा ओकून टाकलं.

ट्रेव्हर पालथ्या बादलीवर बसला. "मग आता काय लिहू?"

"की मी बाहेरचा. माझ्या जागी कुणीही चाललं असतं."

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा खातं कुणी सांभाळलं?"

"कुणीही सांभाळलं असतं."

"असं खरंच वाटतं तुला?"

नेव्हिलनं काचेतून गाडीकडे पाहिलं. ब्रिजेट हात हलवत होती. "काय वाटतं ते सोड रे! तिला कुठं ठेवू मी? पाया पडू का तुझ्या?"

ट्रेव्हरनं घरातून त्या नोंदींचा कागद आणला, खिशातलं पेन काढलं. लिहिलेलं खोडलं, वर नवं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "हा बाहेरचा माणूस. याच्या जागी कुणीही चाललं असतं." मग सही केली.

"देव तुझं भलं करो," नेव्हिल म्हणाला.

"थांब. खोट्याखाली मी आजवर सही केलेली नाही, या वयात सुरू करणार नाही. सोमवारपासून तुझ्या खुर्चीत दुसरा बसेल. एजन्सीला सांगतो, कुणीही पाठवा."

"ट्रेव्हर, मी साठीला आलो. मला आता कोण काम देणार?"

"मी काय सांगू? मी तुझा कोण?"

रागानं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो चष्मा काढून डोळे पुसत होता.

नेव्हिल गाडीत येऊन बसला.

"केली सही?" ब्रिजेटनं विचारलं.

"केली."

"बघ! देवमाणूस आहे तो, मी म्हणत नव्हते? सोमवारी त्याच्यासाठी केक घेऊन जा हं, आठवणीनं."

"नेईन," नेव्हिल म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.