दोराचे दुसरे टोक

उंच इमारतींच्या भिंती रंगवणाऱ्या त्या रंगाऱ्याचा जीव आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांत राहिला होता. तो फळीवर बसून भिंतीशी लोंबकळे. गच्चीवर लोखंडी खांबाला दोराचे वेढे देऊन त्याचा मेहुणा दुसरे टोक धरी. एके दिवशी मेहुणा टोक सोडून विडी ओढायला गेला. वेढे निसटले, रंगारी कोसळला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. त्याहून खोल घाव पुढे बसला. "भावजी पिऊन चढले होते," असे मेहुण्याने मुकादमाला सांगितले. दारूला कधी न शिवलेला तो मनुष्य चर्चच्या मंडळीत मद्यपी ठरला.

पुढे पश्चात्तापाने पोळलेल्या मेहुण्याने उपासनेच्या वेळी सर्वांसमक्ष सत्य सांगितले. रंगाऱ्यानेही प्रभूला स्मरून क्षमेचा शब्द उच्चारला. परंतु तो ओठांखाली उतरलाच नाही, हे त्याचे तोच जाणत होता. मुकादमाने दोघांना पुन्हा कामावर घेतले.

पहिल्याच सकाळी, दोर कमरेला बांधून, रंगारी कठड्यापाशी मटकन बसला.

"जमत नाही रे."

"पाय दुखतोय?"

"पायाला कशाला बोल लावू? टोक तुझ्या हातात आहे, म्हणून जमत नाही."

मेहुणा खिन्नपणे हसला. "ताईसुद्धा मला दुधावर लक्ष ठेवायला सांगत नाही. आणा तो दोर. मी उतरतो, तुम्ही धरा."

तो उतरला. त्याच्या देहाचा भार रंगाऱ्याच्या तळव्यांत आला, आणि त्यासरशी हातच जणू म्हणू लागले, सोड. आपल्याला क्रुसावर खिळे ठोकणाऱ्यांसाठी ज्याने प्रार्थना केली, त्याचे नाव घ्यावे म्हणून त्याने तोंड उघडले. ते नाव येईना.

"वर ये," तो कसाबसा म्हणाला.

"आत्ताच तर उतरलोय."

"माझा भरवसा नाही. सोडून द्यावंसं वाटतंय."

ब्रशचा आवाज थांबला. खालून उत्तर आले, "सोडायचं तर सांगून सोडा, भावजी. मी न सांगता गेलो होतो."

आणि ब्रश पुन्हा भिंतीवर फिरू लागला.

रंगाऱ्याने खांबाला आणखी एक वेढा दिला व त्यावर कपाळ टेकले. अंतःकरणात क्षमा नव्हती, प्रार्थनाही नव्हती. काम संपेपर्यंत दोर धरून राहणे, एवढेच त्याच्याने झाले.