पिकरच्या चामड्याची टिप

सिद्धेश्वरीला फायनलमधून बाहेर काढलं तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी हसलं. कोण ते तिला दिसलं नाही. पण ते हसणं तिने प्रियदर्शनीच्या खात्यावर टाकलं आणि वर्षभर तिथून हलवलं नाही.

दोघी सात रस्त्याजवळच्या एकाच पूल पार्लरमध्ये खेळायला शिकल्या होत्या. सिद्धेश्वरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायची, प्रियदर्शनी कॉलेजात शिकवायची. पार्लरमध्ये बाकी सगळे पुरुष. एकीला उशीर झाला तर दुसरी बाहेर स्कूटीवर बसून वाट बघायची, एकटी आत जायची नाही. इतकं सख्य होतं.

सिद्धेश्वरीचा नेम उत्तम होता, पण ब्रेक कमजोर. पहिल्या फटक्याला मांडलेले बॉल फुटून टेबलभर पसरायला हवेत. तिच्या फटक्याला ते नुसते सैल व्हायचे. जिल्हा स्पर्धेच्या आधी प्रियदर्शनीने तिला स्टिकच्या टोकाला लावायची एक काळी टिप आणून दिली.

"कडक चामडं आहे. बाहेरून मागवलंय. ब्रेकच्या स्टिकला लाव, बघ कसे फुटतात."

बॉल खरंच फुटले. सिद्धेश्वरी फायनलला पोचली, समोर प्रियदर्शनीच होती. सामना सुरू व्हायच्या आधी प्रियदर्शनी पंचांकडे गेली आणि म्हणाली, "तिची टिप तपासा. चामड्याची वाटत नाही."

पंचांनी टिपेवर कानस फिरवली. तपकिरी भुकटी पडली, जळका वास आला. इलेक्ट्रिकच्या बोर्डाला वापरतात तसल्या बॅकेलाइटच्या शीटमधून ती टिप कापलेली होती. स्पर्धेच्या नियमात टिप चामड्याचीच हवी होती.

"मला हिनंच दिली!" सिद्धेश्वरी म्हणाली.

प्रियदर्शनीने तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मी? मी कशाला देऊ?"

सिद्धेश्वरीवर एक वर्षाची बंदी आली आणि चषक प्रियदर्शनीने नेला. पार्लरमधली पोरं सिद्धेश्वरीला 'बॅकेलाइट मॅडम' म्हणायला लागली.

तिने पार्लर सोडलं नाही. प्रियदर्शनी शेजारच्या टेबलावर खेळत असली तरी ती रोज जायची, एक शब्द न बोलता सराव करायची. मनात एकच घोळत होतं. हिला हरवायचं, तेही नियमात राहून, सगळ्यांच्या देखत, आणि अशा ब्रेकने की आवाज हिच्या कानातून जाऊ नये.

अडचण चामड्याची होती. बाजारातल्या टिपा ब्रेकच्या जोराने दबायच्या, कडेने फुगायच्या. सिद्धेश्वरीने त्या दुधात भिजवल्या, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून ठेवल्या, उन्हात वाळवल्या. थोड्या कडक झाल्या, पण चार दिवसांत पुन्हा मऊ. काही तर फटक्यासरशी चिरल्या.

तिचे वडील मल्लप्पा जन्मभर यंत्रमागांवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या टिपा ते रोज बघत होते. एका सकाळी त्यांनी माळ्यावरचा डबा काढला आणि त्यातला तेलकट, काळपट चामड्याचा ठोकळा तिच्यापुढे ठेवला.

"ह्ये काय?"

"पिकर. मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला ह्योच फटका मारतो. म्हशीचं कच्चं चामडं हाय. आता प्लॅस्टिकचे आले. ह्यानं दिवसभर धोटा हाणला तरी दबत न्हवता."

सिद्धेश्वरीने ठोकळ्यावर नख रोवून बघितलं. नख वाकलं.

पण पिकर तेल प्यालेला होता, त्याला गोंद धरेना. तिने चामड्याचे पातळ थर सोडवले, सोड्याच्या कोमट पाण्यात तेल काढलं, थरावर थर चिकटवून ते पुन्हा व्हाइसमध्ये आवळले. पहिल्या टिपा दगडासारख्या झाल्या आणि स्टिक पांढऱ्या बॉलवरून घसरायला लागली. मग तिने सगळ्यात वरचा थर जरा नरम ठेवला, म्हणजे टोकाला घासलेला खडू धरेल आणि स्टिक घसरणार नाही. पावसाळा उतरता उतरता एक टिप जमली. त्या दिवशी पार्लरमध्ये ब्रेक केल्यावर पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. प्रियदर्शनीनेही बघितलं.

मल्लप्पांना मुलीच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा आवडत नव्हता.

"सिद्दव्वा, खेळायला निघालीस का मारायला?"

"मारायलाच, अप्पा."

ते पिकरचा डबा झाकून माळ्यावर ठेवायला उठले.

बंदी संपली आणि जिल्हा स्पर्धा आली. पहिल्याच दिवशी प्रियदर्शनीचा ब्रेक ऐकून सिद्धेश्वरीचे कान टवकारले. चामड्याचा आवाज ठप्प येतो. हा टक्क होता, कोरडा. वर्षभर टिपा ठोकून तिला तो फरक झोपेतही कळला असता. ज्या शीटमधून मागच्या वर्षीची टिप कापली होती, तिचाच तुकडा प्रियदर्शनी आता स्वतः वापरत होती. आपल्यावर कोण तक्रार करणार, असं तिला वाटलं असेल.

सिद्धेश्वरी तेव्हाच पंचांकडे जाऊ शकत होती. ती गेली नाही. पहिल्या फेरीत रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रियदर्शनी बाद झालेली तिला नको होती.

फायनलला हॉल भरला. मल्लप्पा दुसऱ्या रांगेत बसले होते. सिद्धेश्वरीने पहिला ब्रेक केला आणि बॉल असे उधळले की मागून कुणीतरी म्हणालं, "बॅकेलाइट!" लोक हसले. ती सरळ पंचांकडे गेली आणि स्टिक त्यांच्या हातात दिली.

"तपासा. सगळ्यांना दिसेल असं."

पंचांनी कानस फिरवली. भुकटी पडली नाही, चामड्याचे बारीक तंतू उभे राहिले. त्यांनी बोट ओलं करून टेकवलं, तिथे पाणी मुरून डाग गडद झाला.

"चामडं आहे," ते म्हणाले. "नियमात बसतं."

"आता तिचीही तपासा, माझी तक्रार आहे," सिद्धेश्वरी म्हणाली. "पण सामना संपल्यावर. आधी मला खेळायचंय."

पंच म्हणाले, "सामन्यानंतर तपासलं तरी नियमाला चालतं."

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. ब्रेकची स्टिक बदलावी तर सगळ्यांना समजणार, न बदलावी तर शेवटी हातात पुरावाच. तिने स्टिक बदलली नाही. सोपे बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकायला लागले. ती दर खेपेला पंचांच्या टेबलावरच्या कानशीकडे बघायची, आणि सिद्धेश्वरी तिच्याकडे. सिद्धेश्वरीने घाई केली नाही. प्रत्येक फटक्याआधी निवांत खडू लावला.

सामना एकतर्फी झाला. हस्तांदोलन करताना सिद्धेश्वरी हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी मला टिप कुणी दिली ते मोठ्यांदा सांग. तक्रार मागे घेते."

प्रियदर्शनीचे ओठ हलले. पुढच्या रांगेत तिच्या कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या. तिने मान फिरवली.

"तपासा," सिद्धेश्वरी पंचांना म्हणाली.

तपकिरी भुकटी पडली.

चषक सिद्धेश्वरीला मिळाला, प्रियदर्शनीवर बंदी आली. पण पार्लरमध्ये लोक म्हणाले, दोघी सारख्याच, एक गेल्या वर्षी सापडली, दुसरी यंदा. ते ऐकून सिद्धेश्वरीचा जळफळाट झाला. हरवूनही तिचं नाव साफ झालं नव्हतं.

दिवाळीनंतर प्रियदर्शनी घरी आली. सिद्धेश्वरी अंगणात व्हाइसपाशी काम करत होती. मल्लप्पा म्हणाले, "बस की बाई, च्या घे." ती बसली नाही.

"तुझ्यासारखी टिप करून देशील? पुढच्या वर्षासाठी."

सिद्धेश्वरीने व्हाइस आवळला.

"ती टिप मीच दिली होती," प्रियदर्शनी म्हणाली. "तू ब्रेक शिकलीस तर मी तुला कधीच हरवू शकणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"मला माहितीये. मला कशाला सांगतेस?"

"मग कुणाला सांगू?"

"पार्लरमध्ये सांग. शनिवारी संध्याकाळी, सगळे असतात तेव्हा."

ती चहा न घेताच गेली.

शनिवारी सिद्धेश्वरी इस्त्रीचा ड्रेस घालून गेली आणि मधल्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसली. प्रियदर्शनी आली. वर्गात बोलावं तशा सपाट आवाजात तिने सगळं सांगितलं, एक गोष्ट वगळली नाही. पोरांना कुठे बघावं कळेना. बोलताना तिचा आवाज एकदाच अडकला, तेव्हा मदतीसाठी तिने सिद्धेश्वरीकडे बघितलं. सिद्धेश्वरीने मदत केली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. आणि वाटलं होतं त्यापेक्षाही तिला बरं वाटलं.

टिप मात्र तिने करून दिली. डबीत घालताना मल्लप्पांनी ती उचलून उजेडात धरली.

"बिघडवून न्हाय ना ठेवलीस?"

"न्हाय, अप्पा. चांगल्यातली चांगली हाय. पुढच्या वर्षी हरली की टिपेला नाव ठेवायला नको तिनं."

मल्लप्पांनी मान हलवली, डबी तिच्या हातात दिली आणि ते आंघोळीला गेले.