ओदैर झालास काय?

सांता मारिया या बेटावरच्या गावात कोणी लाट बघून पाय मागे घेतला, की बाकीचे हसून विचारायचे, "काय रे, ओदैर झालास काय?" बोटीवरचे विचारायचे, शाळेतली पोरं विचारायची. मासळीवाल्या बायका तर गिऱ्हाइकानं भाव ऐकून पिशवी मिटली तरी विचारायच्या. तीन वर्षांत शब्द असा रुळला, की ओदैर नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, बावीस वर्षांचा होता, हे कुणाच्या ध्यानातच नसायचं. त्याची सख्खी बहीण झुल्मिरा त्याच गल्लीत फाटके पतंग शिवत बसलेली असायची. दर वेळी तिच्या काळजात सुई जायची. ती मान वर करायची नाही. मशीन चालवायची आणि मनात म्हणायची, थांबा लेको.

पतंग म्हणजे पोरांचे कागदी नव्हेत. एका पतंगात एक खोली झाकेल एवढं कापड. तो चोवीस मीटर दोऱ्यांनी कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या जोरावर लाटांवर चढायचं. वेड्यांचा खेळ, पण अर्ध्या गावाचं पोट त्यावर चालतं. आणि त्या खेळातला राजा वाल्दो. स्वतःची शाळा, भिंतीवर स्वतःचेच फोटो, चालताना छाती आधी आणि माणूस मागून.

ओदैर त्याच्याच शाळेत शिकवायचा. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या मोठ्या लाटांच्या दिवशी वाल्दोनं त्याला शाळेचं सामान देऊन पोंता प्रेताला उतरवलं. त्यांच्या भाषेत त्या जागेच्या नावाचा अर्थ नुसता काळं टोक, पण आपल्या मराठी कानाला जे ऐकू येतं तेही खोटं नाही. दुमजली लाट पतंगावर कोसळली, दोऱ्या ताणल्या आणि पोराला खडकांवरून फरफटत घेऊन गेल्या. अशा वेळेसाठीच पोटाशी लाल खटका असतो. ओढला की पतंग सुटतो, माणूस वाचतो. ओदैरला पुरून आल्यावर चर्चच्या पायरीवर वाल्दो चारचौघांत म्हणाला, "खटका होता की. ओढलाच नाही त्यानं. लाट बघून गोठला." झालं. वाल्दो म्हणाला म्हणजे दगडावरची रेघ.

पण भावाच्या अंगातला सदरा झुल्मिरानं धुतला होता. पोटावर पिवळं ग्रीस, ग्रीसात वाळू, तीन पाण्यांत निघेना. ती तेव्हाच काय ते समजली. खटका रोज गोड्या पाण्यात खळखळून काढायचा असतो. बेटावर गोडं पाणी विकतचं, कॅननं येणारं. वाल्दो पडला कोळ्याचा पोर. बापानं बोटीच्या रहाटाला आयुष्यभर ग्रीस चोपडलं, तसं हा खटक्याला चोपडायचा आणि वर म्हणायचा, लोखंड असो नाहीतर बायको, वंगण हवं. रहाटाला ते चालतं. खटक्यातलं ग्रीस वाळू धरतं, मीठ धरतं आणि त्याचं सिमेंट होतं. तिनं हे दारोदार सांगितलं. वाल्दो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, दुःखानं डोकं फिरलंय तुझं." लोकांना तिची कीव आली. तो हात तिला अजून खांद्यावर जाणवायचा. आईनं त्यानंतर बाजारात जाणं सोडलं, कारण बाजारात लेकाचं नाव कानावर पडायचं.

या फेब्रुवारीत वाल्दोचा पतंग तिच्याकडे शिवायला आला. हिची दातखीळ बसली आहे, आता भीती कसली, असं त्याला वाटलं असणार. दोऱ्या-पट्ट्यासकट सगळं सामान आलं. तिनं दार लावून खटका बघितला. पिवळा, चिकट. अंगठ्यानं दाबला, मग दोन्ही हातांनी ओढला. ढिम्म हलला नाही. कोपऱ्यात गोड्या पाण्याचा कॅन भरलेला होता. तिनं त्याला हात लावला नाही. पतंग मात्र दुहेरी टाक्यानं असा शिवला, की वादळातही उसवू नये.

चार दिवसांनी लाटा आल्या. पोंता प्रेताच्या वाळूवर सगळं गाव, शिवाय कॅमेरे घेऊन आलेले परदेशी. वाल्दो पट्टा आवळून उभा राहिला. त्याची माणसं आधीच पाण्यात होती, म्हणून त्यानं हाक दिली, "अरे, कोणीतरी धरा की पतंग!"

"मी धरते," झुल्मिरा म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला, पण कॅमेरे बघत होते. "ये, ये. बघा, किती मोठ्या मनाची आहे आमची झुल्मिरा."

तिनं चोवीस मीटरवर जाऊन पतंग उभा धरला. वारा भरला, दोऱ्या ताठ झाल्या, गुणगुणायला लागल्या. मधे म्हातारा न्हो बातिश्ता उभा होता. बुडणाऱ्यांना काढण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं घालून दिलेली जुनी रीत अशी, की धरणाऱ्यानं विचारायचं "सुटतो का?" आणि स्वारानं जमिनीवरच एकदा खटका ओढून दाखवायचा. मगच पतंग सोडायचा. वाल्दोनं ही रीत केव्हाच पाहुण्यांसाठी ठेवून दिली होती. त्यानं सरळ अंगठा वर केला. सोड.

तिनं सोडला नाही. "सुटतो का?" ती ओरडली.

वाऱ्यात त्याला नीट ऐकू गेलं नाही. न्हो बातिश्तानं तोंडाशी हात धरून पोचवलं, "ती विचारतेय, सुटतो का?"

"सुटतो, सुटतो! सोड म्हणावं!"

"ओढून दाखव म्हणावं."

"मला शिकवतेस? लाट चाललीय माझी!"

झुल्मिरानं एक पाऊल वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला टाकलं. वाळूवरची कुजबुज थांबली. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण बेटावरचं शेंबडं पोरही जाणतं, की वाऱ्याखालून सोडलेला पतंग वर जात नाही. तो माणसाला घेऊन आडवा सुटतो. आणि वाऱ्याखाली काळे खडक होते. दोऱ्यांचा सूर चढला. वाल्दो दोन पावलं ओढला गेला आणि त्यानं टाचा वाळूत रोवल्या.

"झुल, काय करतेस?" आता त्याचा आवाज वाऱ्यातूनही आला.

"ओढ."

त्यानं हसत हसत, लोकांकडे बघत, खटका ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. मग दोन्ही हातांनी, मग पोट आत घेऊन, दात खाऊन. बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. भिंतीवर फोटो असलेला माणूस पोटाशी झोंबत होता आणि खटका ढिम्म होता. पुढे येऊन दोऱ्या सैल कराव्यात म्हणून तो पाऊल टाकायला गेला, तर ती तेवढंच मागे सरकली. शाळेतला एक शिकाऊ पोरगा सुरी काढून धावला.

"जवळ आलास तर सोडीन," ती म्हणाली. तो जागीच थांबला. सुरी न्हो बातिश्ताकडेही होती. त्यानं हाताची घडी घातली.

तिनं आणखी एक पाऊल टाकलं. पतंग तिच्या हातातून निसटायला बघत होता. सोडावं, तिला वाटलं. खरोखर वाटलं, पोटातून वाटलं. बोटं उघडायचीत फक्त. खडकांवरून जाईल, जसा ओदैर गेला. मग याच्याही घरात कोणीतरी सदरा धुवू दे. तीन वर्षं ती रोज मशीनवर बसून हेच बघत आली होती, आणि आता ते बोटभर अंतरावर होतं. पण हा मेला तर ओदैर कायमचा ओदैरच राहणार. चर्चच्या पायरीवरचा शब्द परत घ्यायला जगात एकच तोंड होतं, आणि मेलेल्याच्या तोंडून शब्द परत घेता येत नाही.

"का नाही ओढत?" ती ओरडली. "गोठलास? लाट बघून गोठलास?"

"ओढतोय मी! निघत नाहीये!"

"कोण ओढत होतं, नि कोणाचं निघत नव्हतं? पूर्ण बोल."

तिनं पाय उचलला.

"त्याचं!" वाल्दो किंचाळला. "ओदैरचं निघत नव्हतं. ओढत होता तो. मी बोटीतून बघितलं, शेवटपर्यंत ओढत होता. खटका माझा होता. जाम होता. मला माहीत होतं. सोडू नकोस, झुल, देवाशपथ सोडू नकोस."

झुल्मिरा न्हो बातिश्ताकडे वळली. "मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

म्हाताऱ्यानं तोंडाशी हात धरले आणि गावाकडे तोंड करून शब्दन् शब्द पोचवला. मासळीवाल्या बायकांपर्यंत पोचवला. मग सुरी काढून तो वाल्दोपाशी गेला आणि एकेक करून दोऱ्या कापल्या. पतंग झुल्मिराच्या हातात मेल्या कोंबडीसारखा लोंबला. तिनं तो वाळूत उलटा घातला, वर दोन ओंजळी वाळू टाकली आणि त्याच्यावर बसली. वाल्दो गुडघ्यांवर बसून रडत होता. तिला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. बरं वाटलं. छान वाटलं.

वाल्दो अजून शिकवतो. दुसरं येतं काय त्याला. पण पोंता प्रेताला उतरायचं तर पतंग झुल्मिराच धरते, हे आता न्हो बातिश्तानं ठरवून टाकलंय, आणि त्याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नाही. ती लांबून हाक मारते, "ओदैर केलंस काय?" स्वार पोटाशी हात नेतो, खटका ओढून दाखवतो, परत बसवतो आणि उलट ओरडतो, "केलं!" पोरंही आता तसंच म्हणतात. बाजारात बायका कुलूप ओढून बघतात तेव्हाही म्हणतात. आई पुन्हा मासळी आणायला जाऊ लागली आहे.

बाकीच्यांना ती एकदा विचारते. वाल्दोला तीनदा. पहिल्या दोनदा त्याचं "केलं" तिला ऐकूच जात नाही.