शिवणखोलीतली थाप

या, जरा जवळ सरका. पाठीवरच्या एका हाताची गोष्ट ऐका.

शिवणकारखान्यातल्या मुकादम मावशी देवाघरी गेल्या, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. मावशी रोज पहिली बाही स्वतः शिवायच्या, मग प्रत्येकीच्या पाठीवर थाप द्यायच्या. बाई दारातूनच ओरडायच्या, "तोंडं नकोत, हात चालवा!" तरी काम गोगलगायीच्या चालीनं होई. मालकानं बजावलं होतं, आज माल गेला नाही तर बाईंनीही घरी बसावं.

आणि बाईंनी अडगळीत टाकलेली मावशींची खुर्ची आजही भिंतीकडच्या मशीनपाशी परत आली होती.

"ही कोण आणतं गं?"

"आम्ही नाही, बाई," एक कारागीर म्हणाली. "तिलाच कामाची ओढ असेल."

बाई त्या खुर्चीत टेकल्या आणि काही सुचेना म्हणून बाही शिवायला घेतली. वाकडी आली, उसवली, पुन्हा शिवली. ते बघून समोर एकेक मशीन सुरू झालं. तेवढ्यात बाईंच्या पाठीवर उबदार थाप पडली. वळून पाहिलं, तर मागं नुसती भिंत.

संध्याकाळी माल गेला.

तुमच्याही पाठीवर कुणाचा हात पडला असेल, तर आज त्या माउलीची आठवण काढा.