सूनबाईंच्या फोनवरची पाच बोटे

बडोदे शहर, सुभानपुरा वसाहत. चालू वर्षाच्या ज्येष्ठातील एक शनिवार, न्याहारीची वेळ. प्रतापसिंहराव शिर्के यांच्या घरी शेव-उसळीवर रस्सा वाढला जात होता. त्यांची सून कौमुदी ओट्याशी पाव गरम करीत असता शेजारी ठेवलेल्या तिच्या फोनवर एका शाळेचे नाव उमटले. घडियाळी पोळ या जुन्या वस्तीजवळच्या त्या शाळेत विज्ञान शिकवण्याच्या जागेसाठी तिने मुलाखत दिली होती. तिने हात पुसून अंगठा टेकवला. फोन नुसताच थरथरला. तिने काच पुसली, अंगठा पुन्हा पुसला, पुन्हा टेकवला. तेच.

"अहो, हा परत उघडत नाहीये."

"ओला हात लावतेस ने!" नवरा उत्कर्ष ताटातून मान न काढता म्हणाला.

"कोरडा आहे हो."

प्रतापसिंहरावांनी हात पुढे केला. त्यांच्या अंगठ्याला रश्शाचे तेल लागलेले होते, तरी फोन तत्काळ उघडला.

"बघा सूनबाई, वस्तू एक नंबर आहे. बोटच तुमचं खराब!" असे म्हणून त्यांनी सुनेला आलेला संदेश स्वतःच मोठ्याने वाचला. निवड झाली होती. दुपारी बारापर्यंत संमती कळवायची होती.

येथे या घराची चाल सांगणे भाग आहे. सूनमुखाच्या दिवशी शिर्क्यांनी नव्या सुनेला हा फोन दिला. पण तिच्या हाती येण्यापूर्वी त्याला कुंकू लावून घरातल्या प्रत्येकाने आपापले बोट त्यात नोंदवले. आधी सासरे, मग सासू येसूबाई, मग नवरा, मग नणंद संयोगिता आणि शेवटी उरलेल्या पाचव्या जागी जिचा फोन ती, तोही मेंदीने माखलेला अंगठा! मेंदी उतरली आणि यंत्राला मालकीण ओळखू येईना. पुढे एकदा तो अंगठा पुन्हा नोंदवून पाहिला. परंतु घरभरच्या भांड्यांनी त्याच्या रेषाच झिजवल्या होत्या, आणि कुलपाचा आकडा बापलेकांनी स्वतःपाशीच ठेवला होता. दुसऱ्याचे दार वाजवल्याविना आत न शिरणारी ही सभ्य माणसे सुनेने आईला काय लिहिले हे चहाबरोबर वाचीत, वर तिच्या आईच्या शुद्धलेखनावर हसत. याला कोणी घरोबा म्हणत असेल, तर त्याने एवढेच सांगावे: सासऱ्यांच्या फोनवर सुनेचे बोट आहे काय? ज्या घरोब्याला एकच दिशा असते, त्याची किळस येणे हेच निरोगी मनाचे लक्षण आहे.

"यावर उपाय आहे," कौमुदी शांतपणे म्हणाली. "डाव्या अंगठ्याच्या रेषा शाबूत आहेत. तोही नोंदवला की अडणार नाही. पण पाचच जागा असतात. कुणाचं तरी एक बोट काढावं लागेल."

जणू घराची वाटणी मागितली होती!

"संयोगिताचं काढू," उत्कर्ष म्हणाला. "ती तर सावली गावी सासरी असते."

"लेकीचं काढायचं?" प्रतापसिंहराव गरजले. "तिला ओछं येईल, कमीपणा वाटेल!"

"मग यांचं काढते."

"माझं? मी नवरा आहे ना तुझा!"

"आईसाहेबांचं?"

येसूबाई रस्सा वाढत राहिल्या. सासऱ्यांचे नाव उच्चारण्याची पाळीच आली नाही. फोन त्यांच्याच हातात होता आणि बोटे अक्षरांवरून फिरू लागली होती.

"मामासाहेब, काय लिहिताय?"

"नकार. बोट लागत नाही म्हणून रडता, वर्ग काय सांभाळणार? चालो, गेला संदेश! बेसा आता, खाऊन घ्या."

कौमुदीने गॅस बंद केला, हात धुतले आणि खुंटीवरची स्कूटरची चावी घेतली.

"फोन तुमच्यापाशीच राहू द्या, मामासाहेब. त्याला तुमची ओळख आहे. होकार मी तोंडाने देऊन येते."

"उत्कर्ष, अडव तिला!"

उत्कर्ष उठला, पण हात खरकटा असल्याचे निमित्त त्याला पुरले. तो पुन्हा बसला. बाहेर स्कूटर सुरू झाली.

ताटातला रस्सा पार गार झाला. मग ताटाशेजारी फोन वाजला आणि प्रतापसिंहरावांचा अंगठा सवयीने त्यावर टेकला. सवयीनेच त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "आपण स्वतः येऊन संमती दिलीत. सकाळचा नकार आपला नव्हता, हे समजले. सोमवारी..." ते थांबले.

"वाचा ने," येसूबाई म्हणाल्या. "रोज तर पुरतं वाचता."

"सोमवारी हजर व्हावे."

येसूबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, त्यावरचे तेल पदराने पुसले आणि तो उत्कर्षसमोर धरला.

"ती यायच्या आत यातली आपली चारी बोटं पूस. माझं आधी."

"आई, पण आपल्या घरात हे पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून आपण चोरी करत आलो. तुझ्या वडिलांनी केली, तू केलीस, मीही केली. याला दुसरं नाव नाही."