बैलाचं डोकं आणि पाणी

पक्षाघाताच्या झटक्याने सांडोरच्या ॲन्सेल्म मास्तरांची वाचा गेली आणि वाचनही. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला वर्तमानपत्रातलं एक अक्षर ओळखू येईना.

घरी आणल्यावर त्यांच्या मुलीला, एलिनाला, त्यांची वही आठवली. बायबल मुळातून वाचायचं म्हणून निवृत्तीनंतर ते हिब्रू शिकले होते. ती अक्षरं आधी चित्रं होती, याचं त्यांना भारी अप्रूप; वहीत ती चित्रंच काढून ठेवलेली. आलेफ म्हणजे बैलाचं डोकं, बेत म्हणजे घर, मेम म्हणजे पाण्याच्या लाटा, ताव म्हणजे क्रुसासारखी फुली. एलिनाने वही पुढे धरली. त्यांनी लाटांवर बोट ठेवलं. तिने पाणी दिलं, तेव्हा ते महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

मग दोघांचं बोलणं वहीवरच चालू झालं. डोळा म्हणजे चष्मा दे, हात म्हणजे उठव.

एक गोष्ट मात्र तिने दडवली होती. ते आयसीयूत असतानाच तिची आई, रेजिना, हृदयविकाराने गेली होती. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. भाऊ जेन्सनही म्हणाला, "आताच नको सांगू." मग तिने सांगून टाकलं, आई मामाकडे गेलीय.

एका सकाळी त्यांनी डाव्या हाताने कागदावर बैलाचं डोकं काढलं, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात तशा, त्याच्या डावीकडे लाटा.

"बैलाला पाणी? बाबा, आपल्याकडे बैल कुठे आता?"

त्यांनी जोरात मान हलवली आणि वहीची पानं उलटली. एका पानावर तीच दोन चित्रं होती. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: एम, म्हणजे आई.

एलिना त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, आई..." तिने पेन्सिल घेतली आणि लाटांच्या डावीकडे, कबरीवर असतो तसा, क्रूस काढला.

मास्तरांनी पुढचं पान उलटलं. तिथे बैल, लाटा, फुली अशी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी होती. खाली लिहिलं होतं: एमेत, खरं. चित्रांवर बोट ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते विचारत होते.

"हो, बाबा. खरं आहे. तुम्ही दवाखान्यात होता. मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्यांनी वही मिटली. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, काही मागितलं नाही.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर एलिनाने त्यांची चाकांची खुर्ची कबरीपाशी नेली. माती अजून बसली नव्हती. त्यांनी वाकून डावा तळहात मातीवर टेकवला. घशातून एक आवाज आला. तो शब्द होता की नाही, एलिनाला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.